सरपंचाचा डावा डोळा

निमगाव केतकी, ता. इंदापूर
ज्येष्ठ पौर्णिमा

चि. बाळास,


परवा फोनवर तू "नको" म्हणालास आणि मग बराच वेळ काही बोललाच नाहीस. मी इकडून हॅलो हॅलो करत राहिलो, मामीला वाटलं रेंज गेली. म्हणून हे लिहितोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवतो. फोनवर मी सुरुवात केली की तू मधेच "पण मामा" करतोस. कागदावर तुला ते जमणार नाही, आधी सगळं वाचावं लागेल.

सांगायचं एकच आहे. सरपंचाचा डावा डोळा गेलेला आहे आणि तो काढायला तू हो म्हणावंस. जनावर तुझं, पावती तुझ्या नावाची, परिवेश पोर्टलवरची नोंद तुझ्या नावाची. तुझ्या होकाराशिवाय पुण्याच्या डॉक्टरबाई त्याला टेबलावर घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मी नुसता राखणदार. पण इतके महिने राखण केली म्हटल्यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी डोळ्याची हकीकत नीट सांगतो, कारण आक्कानं तुला फोनवर अर्धीच सांगितलेली दिसते. तुझी आई बारामतीहून दर आठवड्याला येते, पण पिंजऱ्याकडं बघताना पदर तोंडाला लावते. तिच्याकडून तुला काय कळणार!

चैत्रात पहिल्यांदा दिसलं ते एवढंच, की सरपंच भर दिवसा डावा डोळा मिटून बसतो. रात्री तो दोन्ही मिटतोच, पण उजेडात डोळा मिटलेला शॅमेलिऑन म्हणजे आजारी शॅमेलिऑन, हे तूच जाताना वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतंस. मग सूज आली. तुला माहीत आहे, यांना आपल्यासारख्या वरच्या-खालच्या वेगळ्या पापण्या नाहीत. दोन्ही जुळून खवल्यांचा एक सुळका झालेला असतो आणि त्याच्या टोकाला बाहुलीपुरतं भोक. सगळा डोळा त्या सुळक्याच्या आत. गाईचा डोळा मी अंगठ्यानं पापणी खाली ओढून बघत आलो. पांढरा भाग लाल आहे का, चिपडं कसली आहेत, बुबुळावर फूल पडलंय का, सगळं उजेडात दिसतं. इथं ओढायला पापणीच नाही. आत काय चाललंय ते सूज सांगेल तेवढंच.

नोकरीत असताना गावोगाव लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी होतो स्टॉकमन, सरकारी भाषेत पशुधन पर्यवेक्षक. श्रेणी दोनच्या दवाखान्यात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, क्वचित एखादा घोडा, एवढाच माझा संसार. या प्राण्याबद्दल मला एका ओळीचं शिक्षण नाही. म्हणून पहिल्या सुजेलाच त्याला खोक्यात घालून पुण्याला नेलं. डॉक्टरबाईंनी भिंग लावलं, बारीक नळीनं सलाईन सोडून त्या भोकातून डोळा धुतला आणि चिमट्यानं आतून एक गोळा काढला. तो पू होता. मी चक्रावलो. आपल्या जनावराचं गळू फोडलं की पू वाहतो, निम्मं काम तोच करतो. सरपटणाऱ्यांचा वाहत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारं द्रव्य नसतं, त्यामुळं तो पनीरासारखा घट्ट जमतो आणि बसल्या जागी बसून राहतो. औषधाचे थेंब त्याच्यावरून घरंगळून जातात. थेंब टाकून डोळा बरा होईल म्हणून आपण जे महिने घालवले, त्यात हा गोळा दर वेळी नव्यानं तयार होत होता. शेवटच्या खेपेला बाईंना तो डोळ्याच्या मागच्या खोबणीतही सापडला. बुबुळ पांढरं पडून खचलं आहे. त्या डोळ्यानं त्याला आता काही दिसत नाही, पुढंही दिसणार नाही. यात वाद नाही.

हे का झालं, तर बाईंच्या मते अ जीवनसत्त्वाची उणीव. त्यानं डोळ्याच्या ग्रंथींचं अस्तर जाड आणि कोरडं होतं, नळ्या बुजतात, आत मळ साचतो, मग जंतूंना रान मोकळं. हे ऐकलं आणि मला २०१२-१३ चा दुष्काळ आठवला. तू तेव्हा शाळेत होतास. छावण्यांमध्ये जनावरं उभी होती, पुढ्यात वाळलेलं वाढं, कडबा, जे मिळेल ते. हिरवं महिनोन् महिने नाही. हिरव्यात कॅरोटीन असतं आणि त्याचंच गाय अ जीवनसत्त्व करते. ते थांबलं की वासरांच्या डोळ्यांतून पाणी, मग तिन्हीसांजेला दावणीच्या खुंट्याला धडकायची. लोक म्हणायचे नजर लागली. नजर कसली, हिरवा चारा नव्हता! दीडशे ग्रॅमचा हा येमेनी प्राणी आणि आमची छावणीतली वासरं एकाच रोगाच्या यादीत निघतील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

फरक एवढाच की वासराला मूठभर लसूणघास घातला तरी काम भागतं. याचं तसं नाही. हा किडे खाणारा, आणि किड्याच्या अंगात हे जीवनसत्त्व अगदी कमी. किड्याला गाजर, पालक खाऊ घालून मग तो किडा याला द्यायचा, हे तू शिकवलंस तसं मी केलं. पण त्यातल्या कॅरोटीनचं हा प्राणी स्वतः कितपत रूपांतर करू शकतो यावर जाणकारांतच एकमत नाही. सरळ टोचावं म्हटलं तर जास्त झालं की कातडी सोलून निघते. म्हणून मापानं, लांब अंतरानं. दुकानात पिल्लू असताना त्याला काय मिळालं आणि काय नाही, हे उकरत बसण्यात आता अर्थ नाही. तूही बसू नकोस.

आता खाण्यापिण्याचं सांगतो, कारण तुला वाटतं मामा त्याला उसातले नाकतोडे घालतो. नाही घालत. उसावर, डाळिंबावर कसल्या कसल्या फवारण्या होतात ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्याकडं तुती लावलेले शेतकरी आहेत. बारामतीच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाल्यापासून वाढलेत. तुतीवर कीटकनाशक मारलं तर अळीच मरते, त्यामुळं तो माणूस औषधाचा डबा शेडच्या आसपास फिरकू देत नाही. म्हणजे आमच्या तालुक्यात डोळे झाकून घ्यावं असं खाद्य कुठलं, तर रेशमाची अळी. मऊ, पाणीदार, टणक कवच नाही. एका ओळखीच्याकडून आठवड्याला डबीभर आणतो. पहिल्यांदा मागितल्या तेव्हा त्याला वाटलं मी निवृत्तीनंतर रेशीम उद्योग काढतोय. त्यानं मला शेड बांधायला अनुदान कसं मिळतं तेही समजावून सांगितलं.

पाण्याची सोय तर तुझ्या पंपापेक्षा मी चांगली केली आहे. वाटीत ठेवलेलं पाणी याला पाणी म्हणून कळतच नाही, पानावरून ओघळणारा थेंबच कळतो. सलाईनची रिकामी बाटली वर टांगली, नळीची चाकी फिरवून थेंब मोजून सोडले. उभा जन्म गाईंना लावत आलो तोच सेट. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथं ठिबक म्हटलं की पोरालाही कळतं. वैशाखात दुपारी पारा चाळिशीच्या पुढं गेला तेव्हा पिंजरा पानमळ्याच्या कडेला, शेवरीच्या सावलीत नेऊन ठेवायचो. पानमळ्यात दिवसभर ओल असते. आपल्या निमगावची विड्याची पानं माणसं कुठून कुठून येऊन नेतात, पण त्या मळ्याचा असा उपयोग आजवर कुणी केला नसेल. अतिनील किरणांचा दिवाही बदलला. दिवा डोळ्यांना चालू दिसतो पण त्यातले कामाचे किरण आधीच संपलेले असतात, म्हणून वर्षाच्या आत बदलायचा, हे मला आता पाठ आहे.

मामी सुरुवातीला त्या खोलीत जायची नाही. आता सकाळी पहिला चहा घेऊन तिथंच बसते. शेजारचा एक जुना गडी येऊन म्हणाला, डोळ्यात तंबाखू चावून पिंक टाका, आमच्या बैलाला बापानं तसंच बरं केलं होतं. या तंबाखूशी मी तीस-पस्तीस वर्षं भांडलो. जनावराचा डोळा जळतो, पाणी गळतं, घाण वाहून गेलेली दिसते आणि माणसाला वाटतं गुण आला. मी काही बोलायच्या आत मामीनं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

इतकी व्यवस्था ऐकून तुला वाटेल, मग चालू द्या असंच. इथंच माझं खरं म्हणणं आहे. थेंब घालायचे म्हणजे त्याला धरायचं. दिवसातून दोनदा. धरलं की तो काळाकुट्ट होतो, तोंड वासतो, फुत्कारतो, अंग बाजूनं चपटं करून मोठा दिसायचा प्रयत्न करतो. लोकांना वाटतं हा मागच्या भिंतीचा रंग घेतो. तो घेतो भीतीचा, रागाचा, थंडी-उन्हाचा रंग. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं की त्याच्या कातडीत बारीक स्फटिकांची जाळी असते आणि ती सैल किंवा घट्ट करून तो रंग बदलतो. ते असो. मला तो रंग रोज दोनदा बघावा लागतो. गाय पहिले चार दिवस लाथा झाडते, मग सवयीनं मान पुढं करते, औषधवाल्याला ओळखायला लागते. हा कधीच ओळखणार नाही. त्याच्या लेखी मी रोज सकाळ-संध्याकाळ येणारा ससाणा आहे. एका मेलेल्या डोळ्यासाठी जिवंत जनावराला दिवसातून दोनदा मरणाची भीती दाखवायची, याला मी उपचार म्हणत नाही. डोळा काढला तर टाके सुकेपर्यंत त्रास, पुढं हात लावायचं कारण नाही. शिवाय खोबणीतला पू आत उतरला तर हाडात, रक्तात जाईल. मग निर्णय घ्यायला काही उरणार नाही.

तू म्हणालास, "एका डोळ्यावर तो शिकार कशी करणार?" हा प्रश्न मी बाईंनाही विचारला होता. त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं तुझ्या मामेबहिणीकडून कॉम्प्युटरवर तपासून घेतलं. आपण अंतर ओळखतो ते बरंचसं दोन डोळ्यांच्या जोडीनं. एक मिटून सुईत दोरा ओवायला गेलं की कळतं. शॅमेलिऑनचं गणित निराळं. १९७७ साली हार्कनेस नावाच्या बाईंनी यांच्या डोळ्यांपुढं चष्म्याची भिंगं बसवून बघितलं. भिंग बदललं तसा जिभेचा नेम ठरावीक मापानं आखूड किंवा लांब पडला. म्हणजे हा प्राणी डोळ्याचं भिंग किती ताणावं लागलं यावरून अंतर मोजतो. कॅमेऱ्यावाला फोकस फिरवून मोजतो तसं. आणि फोकस करायला एक डोळा पुरतो. पुढं १९९५ साली ओट आणि शेफेल या दोघांनी दाखवलं की याच्या डोळ्यातलं भिंग आपल्या उलट, किरण फाकवणारं आहे, त्यामुळं आतली प्रतिमा मोठी पडते आणि मोजमाप आणखी बारीक होतं. हे दोघे ट्युबिंगेनचे. नकाशात बघितलं तर तुझ्या श्टुटगार्टपासून ते तासाभराच्या रस्त्यावर आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये, विद्यापीठ बाहेरून तरी बघ.

पुस्तकातलं सोड. मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. डावा बंद असतानाच, गेल्या महिन्यात, मी अळी उजव्या बाजूच्या काटकीवर सोडली. सरपंच कितीतरी वेळ हलला नाही. मग उजवा सुळका फिरला, थांबला, मान पुढं झुकली, आणि अळी काटकीवर नव्हती. जीभ मला दिसलीच नाही. डाव्या बाजूला ठेवलेली अळी मात्र त्याला कळली नाही, ती काठ्यांवरून हिंडून खाली पडली. म्हणून आता सगळं खाणं उजवीकडं, सावकाश, एकाच जागी. एवढीच काय ती सोय त्याला आयुष्यभर लागेल.

आमच्याकडं कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. त्यांच्या बैलांचे डोळे पाचटानं कापलेले असायचे. उसाचं पान म्हणजे पातं. भवानीनगरच्या बाजूला एक गडी होता बीडकडचा. त्याच्या बैलाचा डोळा मोठ्या डॉक्टरांनी काढला आणि मी शेजारी उभा राहून हातात साहित्य देत होतो. तो माणूस तुझ्यासारखाच गप्प झाला होता. पण त्यानं विचारलेला प्रश्न वेगळा होता, "कुठल्या अंगाला जुंपू?" पुढच्या हंगामात बघितलं तर फुटका डोळा आत, जोडीदाराच्या बाजूला येईल असा जुंपला होता आणि गाडी नेहमीच्या वेळेला काट्यावर लागत होती. तूही तेवढंच विचार. कुठल्या अंगाला, कसं, काय बदलायचं ते विचार. सांगायला मी आहे, बाई आहेत.

तू जे बोलला नाहीस ते मला कळतं. तुला तो प्राणी आवडला तोच डोळ्यांमुळं. एक डोळा दाराकडं, दुसरा पंख्याकडं, म्हणून तर नाव सरपंच. एकाच वेळी दोन्ही गटांवर नजर! तू नाव ठेवलंस तेव्हा मी पोट धरून हसलो होतो, आपल्या तालुक्यांचं राजकारण माहीत असलेला कुणीही हसेल. परवा तू ती बातमीही पाठवलीस, २०२५ साली अमेरिकेतल्या लोकांनी स्कॅन करून शोधलं की यांच्या डोळ्यामागची नस वेटोळी घेतलेली असते, म्हणून डोळा इतका फिरू शकतो. हजारो वर्षं माणसं हा प्राणी कापून बघत आली आणि हे कुणाच्या नजरेत आलं नाही. मीही ती बातमी दोनदा वाचली. पण बाळा, ते नवल तुझं आणि माझं. त्याला स्वतःला त्यातलं काही ठाऊक नाही. एक डोळा गेल्यावर तुला सरपंच अर्धा वाटेल. त्याला मात्र ठणका गेल्याचं तेवढं कळेल.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वाडीवरची दोन पोरं बादली घेऊन आली. आत आपला गावचा शॅमेलिऑन, हिरवागार, मादी असावी. त्या दिवसांत त्या अंडी घालायला झाडावरून खाली उतरतात, माती उकरतात. बांध साफ करताना जेसीबीच्या बकेटखाली बोर आणि तरवडाचं सगळं कुंपण निघालं, त्यात ही सापडलेली. एक डोळा फुटलेला. पोरांनी ती मारली नाही याचंच मला कौतुक वाटलं. आपल्याकडं ती विषारी म्हणून लोक लांबूनच दगड घालतात. बिचारीला विष नाही, दात आहेत ते किड्यापुरते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण तुच्छतेनं म्हणतो. हल्ली कुंपणच राहिलेलं नाही. जिकडंतिकडं तारा आणि सिमेंटचे खांब. धावून धावून ती जाणार कुठं?

पोरं म्हणाली, तुमच्याकडं एक आहेच, हीही ठेवा. ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा. तुझा येमेनी पाळता येतो तो परदेशी आणि पैदास केलेला म्हणून, आणि तोसुद्धा नोंदवून. मी १९२६ वर फोन केला. वनरक्षक आला. कडबनवाडीच्या गवताळ रानात लांडगे, चिंकारा सांभाळणारी ही माणसं, त्यांना सरड्यासाठी बोलावलं म्हणून मला थोडं संकोचल्यासारखं झालं, पण त्यानं तिला नीट हवेशीर खोक्यात घेतलं. पुण्यात बावधनला वनविभागाचं उपचार केंद्र आहे, रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टची माणसं तिथं असतात, तिकडं पाठवतो म्हणाला. पुढचं आपल्या हातात नव्हतं. मला नंतर वाटत राहिलं, त्या मादीच्या डोळ्याचं काय करायचं ते तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडं बघून ठरवलं असणार. तिच्या डोळ्यावर जीव जडलेलं कुणी श्टुटगार्टमध्ये बसलेलं नव्हतं.

हे टोचून बोलतोय असं वाटलं तर वाटू दे.

धोका लपवत नाही. याच्या अंगात सगळं मिळून रक्त दहा मिलिलीटरच्या आसपास. गाईच्या नाडीतून मी तपासणीला तेवढं सहज काढायचो. डोळ्यामागं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, तिथं थोडं जास्त वाहिलं तर खेळ खल्लास. भूल वायूची देतात, पण हे प्राणी श्वास रोखून धरतात, भूल चढायला वेळ, उतरायला त्याहून वेळ. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर अंग ऊबदार ठेवावं लागतं, थंड पडला तर औषध अंगात फिरतच नाही. गाईचे टाके आपण दहा-बारा दिवसांत काढतो, याचे दीड-दोन महिने ठेवायचे, कातडी इतकी सावकाश सांधते. बाईंनी सगळं मला समोर बसवून सांगितलं आणि कशाचीही हमी दिली नाही. मला ते आवडलं. हमी देणारे डॉक्टर मी खूप बघितले आहेत. खर्चाचा आकडा आक्काला सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस. ती म्हणेल एवढ्यात शेळी आली असती, आणि तिचं चुकणार नाही.

टेबलावर काही बरंवाईट झालं तरी माझा होकार तोच राहील, हे आत्ताच लिहून ठेवतो. तसं झालं तर पोर्टलवर कळवावं लागेल. जनावर मेलं, पिल्लं झाली, मालक बदलला, तिन्ही कळवायचं असतं. तुझा पासवर्ड तेवढा मामेबहिणीला देऊन ठेव.

आता तारखेचं. बाईंनी येत्या शुक्रवारची सकाळ धरून ठेवली आहे. ती हुकली तर मधे पालख्या. तुला इथलं माहीतच आहे. आपल्याकडून पुण्याला जायचे दोन रस्ते. पाटस-यवतच्या रस्त्यावर तुकोबा, जेजुरी-सासवडच्या रस्त्यावर माउली. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडी, मग आपलं निमगाव, इंदापूर. त्या दिवसांत आजारी जनावर घेऊन रस्त्यावर निघणं म्हणजे अर्ध्या वाटेत उन्हात अडकणं. आणि पालखी दारात असताना मामी घर सोडून कुठं येणार नाही, तिच्याकडं दिंडीचं पिठलं-भाकरी असते. शुक्रवार साधला तर वारकरी येतील तेव्हा सरपंच आतल्या खोलीत शांत पडलेला असेल, आणि टाके काढायची वेळ येईल तोवर सगळे पंढरपूरहून परतही आलेले असतील.

आम्ही गुरुवारी रात्रीच निघू. गाडी मामेबहिणीचा नवरा चालवणार. खोक्यात जाड काटकी बांधून ठेवली आहे, कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवीन. आदल्या दिवशी अळी द्यायची नाही, नुसते थेंब, असं बाईंनी सांगितलं आहे.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. होकाराचा मेल बाईंच्या दवाखान्याला बुधवारपर्यंत जावा. मजकूर त्यांनी तुला पाठवलेला आहे, खाली नाव घालायचं तेवढं बाकी आहे. आणि नोंदणीच्या कागदाची प्रत मेलला जोड, माझ्याकडचा फोटो फार पुसट आला आहे, त्यातला नंबर वाचता येत नाही. फोन केलास तर संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी मी मळ्यात असतो. थंडी फार असेल तर आक्कानं दिलेला स्वेटर घाल, नुसता पेटीत ठेवू नकोस.

तुझा,
मामा